मदत दुबळ्याला, की हरणाऱ्याला?

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, मार्च उजाडला की दोन शर्यती लागतात. एक वरची. ३२ संघांपैकी १६ प्लेऑफमध्ये जातात, त्यासाठी जीव तोडून खेळणाऱ्यांची. दुसरी खालची, सगळ्यांत शेवटी कोण राहतो याची. ही शर्यत कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली नसते, पण तिच्यावर लक्ष ठेवून असणारे हजारो लोक असतात आणि त्यातले बरेच जण आपलाच संघ हरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले असतात.

याचं कारण ड्राफ्ट. साधारण १८ वर्षांच्या नव्या खेळाडूंची निवड दर उन्हाळ्यात होते आणि कुणी कुणाला घ्यायचं याचा क्रम ठरलेला असतो. जो संघ तळाला, त्याला आधी हात घालायला मिळणार, हे त्यामागचं मूळ तत्त्व. एखाद्या वर्षी त्या मुलांत एखादा मारिओ लेम्यू किंवा कॉनर मॅकडेव्हिड निघतो आणि मग पहिला क्रमांक म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांची बेगमी. तळाच्या संघाला हा क्रमांक आपोआप मिळू नये म्हणून १९९५ पासून सोडत काढतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरतात, त्यातले चार बाहेर येतात. चार आकड्यांच्या १००१ जोड्या होतात. त्यातली एक बाद धरायची आणि उरलेल्या हजार प्लेऑफ हुकलेल्या १६ संघांत वाटायच्या. शेवटच्या संघाला १८५, त्याच्या वरच्याला १३५, असं करत सोळाव्याला पाच. आजच्या नियमाने कुठलाही संघ दहापेक्षा जास्त पायऱ्या वर चढू शकत नाही, त्यामुळे या १६ मधल्या वरच्या पाच संघांपैकी कुणाचा आकडा लागला तरी पहिला क्रमांक तळाच्याच पदरात पडतो. म्हणून त्याची खरी संधी होते २५.५ टक्के.

आता वाद असा की हरणाऱ्या संघाला ही जास्तीची संधी द्यावी की नाही? एक बाजू म्हणते, नाहीतर दुबळा संघ कायमचा दुबळाच राहील. दुसरी म्हणते, तुम्ही हरण्याला बक्षीस लावलंय, लोक हरणारच. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दोघींची चूक मला एकाच जागी दिसते. दोघीही ‘दुबळा’ आणि ‘हरणारा’ हे एकच धरून चालतात. मदत दुबळ्याला मिळालीच पाहिजे. पण दुबळेपणा मोजायला हंगामाच्या शेवटच्या दिवसाचा गुणतक्ता हे माप वापरलं की माप मोजणाऱ्याच्या नव्हे, ज्याला मोजायचं त्याच्या हातात जातं.

ते कसं, हे २०१५ सालच्या बफेलोत बघायला मिळालं. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये मॅकडेव्हिड होता. बफेलो सेबर्सकडे दोन गोलरक्षक होते, योनास एनरॉथ आणि मिखाल नॉयवर्ट. फेब्रुवारीत एनरॉथ डॅलसला विकला. नॉयवर्ट बरा खेळायला लागला, तर मार्चच्या सुरुवातीला त्यालाही न्यूयॉर्कच्या आयलँडर्सकडे पाठवलं. त्याच फेब्रुवारीत एक मोठा खेळाडू विकत घेतला खरा, इव्हँडर केन, पण तो जखमी होता आणि त्या हंगामात खेळणारच नव्हता. प्रत्येक व्यवहाराला वेगवेगळं कारण देता येतं, आणि दिलंही गेलं. सगळे एका रांगेत ठेवून पाहिले की कारण एकच उरतं.

मग २६ मार्चला तळाचा दुसरा दावेदार ॲरिझोना बफेलोत खेळायला आला. सामना ३-३ असा अतिरिक्त वेळेत गेला. ॲरिझोनाच्या सॅम गॅन्येने गोल मारला, बफेलो हरलं आणि बफेलोच्याच मैदानात, बफेलोच्याच जर्सी घातलेल्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. तिकीट काढून आलेली माणसं ती. सेबर्सच्या खेळाडूंनी नंतर आपली नाराजी लपवली नाही, आणि का लपवावी? त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा पुढचा करार त्या शेवटच्या पंधरा-वीस सामन्यांवर ठरणार होता.

गंमत म्हणजे बफेलो शेवटचं आलं आणि तरी मॅकडेव्हिड त्यांना मिळाला नाही. तेव्हाच्या नियमाने २० टक्के त्यांचे होते, पण चिठ्ठी निघाली ११.५ टक्केवाल्या एडमंटनची. सहा वर्षांतला त्यांचा हा चौथा पहिला क्रमांक. याआधीचे तीन पहिले क्रमांक मिळूनही एडमंटन एकदाही प्लेऑफ गाठू शकलं नव्हतं. बफेलोला दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकल मिळाला. तो २०२१ मध्ये भांडून वेगासला गेला आणि २०२३ मध्ये तिथे स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. बफेलोचा संघ मात्र २०११ नंतर सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिला, हा एनएचएलचा नकोसा विक्रम आहे.

हे नवं नाही. १९८४ मध्ये सोडत नव्हती, शेवटच्याला पहिला क्रमांक थेट मिळायचा, आणि पुढे लेम्यू दिसत होता. पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स दोघेही गाळात. पिट्सबर्गने तीन वर्षांपूर्वी सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळवलेला रँडी कार्लाइल विनिपेगला देऊन टाकला. गोलरक्षक रोबेर्तो रोमानो जरा बरा खेळत होता, तर त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं आणि विन्सेंट ट्रेम्ब्लेला उभं केलं. त्याने सपाटून गोल खाल्ले. पिट्सबर्ग ३८ गुणांवर, न्यू जर्सी ४१ वर. तीन गुणांच्या फरकाने लेम्यू पिट्सबर्गला गेला आणि १९९१ व १९९२ असे लागोपाठ दोन चषक आले.

इथे मला थांबून विरुद्ध बाजूचं ऐकून घ्यावंसं वाटतं. कारण पिट्सबर्गची गोष्ट नुसती लबाडीची नाही. तो क्लब तेव्हा आर्थिकदृष्ट्या मोडकळीला आला होता. लेम्यू आला नसता तर त्या शहरात व्यावसायिक हॉकी टिकली असती का, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. पुढे १९९८ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं तेव्हा तो विकत घेऊन वाचवणाऱ्या गटाचा म्होरक्याही लेम्यूच होता. म्हणजे ज्या मदतीसाठी त्यांनी लाज सोडली, तिची त्यांना खरोखर गरज होती. लबाडी आणि गरज एकाच घरात नांदू शकतात, हे या वादात नेहमी विसरलं जातं.

१९९३ च्या ऑटवा सेनेटर्सचं तसं नाही. संघ नवा, पहिलाच हंगाम. ८४ सामन्यांत १० विजय, २४ गुण. सॅन होजेचेही २४ गुण, पण विजय ११, म्हणून ऑटवा तळाला. बक्षीस होतं अलेक्झांडर डेग. ऑटवाचे मालक ब्रूस फायरस्टोन पत्रकारांसमोर नको ते बोलून गेले, लीगने चौकशी केली, मुद्दाम सामने सोडल्याचा पुरावा सापडला नाही, पण त्या बोलण्यापायी क्लबला एक लाख डॉलर दंड झाला. या प्रकरणानंतरच सोडतीचा नियम आला. डेगकडून अपेक्षा होत्या त्यातलं फारसं काही झालं नाही. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉन्गर आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

तर अशी ही सोडत. आता तीस वर्षं झाली, तिने काय साधलं? हरण्याची शर्यत थांबली नाही, हे बफेलोने दाखवलं. त्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात शिकागोने आदल्या हंगामात ४१ गोल मारणारा ॲलेक्स डेब्रिंकॅट ऑटवाला आणि अवघ्या एकविशीतला कर्बी डाक माँट्रियलला, दोघेही एकाच दिवशी दिले. पुढच्या फेब्रुवारीत पॅट्रिक केनही गेला. संघ तळाजवळ येऊन बसला आणि सोडतीत कॉनर बेडार्ड मिळाला. सोडतीने शर्यतीवर टांगती तलवार ठेवली असेल, पण शर्यत बंद केली नाही.

उलट, जे खरेच दुबळे होते त्यांना मात्र तिने फटका दिला. २०१६-१७ मध्ये कोलोराडोने ८२ सामन्यांत २२ जिंकले, एकूण ४८ गुण. त्यांच्या वरचा संघ व्हँकूव्हर ६९ वर, म्हणजे मध्ये २१ गुणांची दरी. इतकं वाईट कुणी मुद्दाम खेळत नाही. ते घसरले चौथ्या क्रमांकावर आणि तळापासून तेराव्या असलेल्या फिलाडेल्फियाला दुसरा क्रमांक मिळाला. २०२० मध्ये डेट्रॉइट ३९ गुणांवर, वरचं ऑटवा ६२ वर. पुन्हा चौथा क्रमांक. पहिला गेला न्यूयॉर्क रेंजर्सकडे, जे करोनानंतरच्या पात्रता फेरीत खेळून आले होते. २०२५ मध्ये आयलँडर्सनी ३.५ टक्क्यांवर पहिला क्रमांक उचलला. कोलोराडोला चौथ्यावर केल मकार मिळाला, २०२२ मध्ये चषक मिळाला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही मकारच ठरला. पण ही त्यांच्या निवडकर्त्यांची नजर. सोडतीचं त्यात श्रेय काहीच नाही.

यावर एनएचएलने दर थोड्या वर्षांनी टक्के हलवले. २५ चे २० केले, २० चे १८.५ केले. तीन सोडती केल्या, मग दोन. तळाच्याला तिसऱ्याखाली जाऊ द्यायचं नाही ठरवलं. पाच वर्षांत दोनदाच जिंकता येईल असंही केलं. टक्के वाढवले की हरण्याचा मोह वाढतो, टक्के घटवले की दुबळ्याचं नुकसान वाढतं. ज्या पट्टीवर हे टक्के बसवलेत ती पट्टीच चुकीची असेल तर आकडे कितीही सरकवा, एक दुखणं दाबलं की दुसरं वर येणार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पट्टी ओळखीची वाटेल. आपल्याकडे पीक कसं आलं हे पैसेवारीने मोजतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ५० पैशांच्या आत आली की गावाला सवलती. त्यामुळे पैसेवारी जास्त लागली की गावात संताप होतो, कमी लागली की सुटकेचा निःश्वास. तरीही पैसेवारी कमी यावी म्हणून कुणी शेतकरी उभं पीक पेटवून देत नाही. कारण पीक गेल्याचा तोटा मिळणाऱ्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो त्याच्या घरात येऊन बसतो. हॉकीच्या मालकाचं असं नाही. तळाला गेला म्हणून त्याचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही, युरोपातल्या फुटबॉलमध्ये होतं तसं. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या कराराचा वाटा तेवढाच येतो. स्टार विकून टाकल्यावर पगाराचा खर्च उलट कमी होतो. तोटा असलाच तर तो प्रेक्षकाचा, जो रिकाम्या संघासाठी भरलेल्या संघाचे पैसे मोजतो. हरणं इतकं स्वस्त ठेवून वर त्याला बक्षीस लावायचं आणि मग लोक हरतात म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावं!

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बर्फावरचा खेळाडू मुद्दाम हरत नाही. जो चार महिन्यांनी आपल्याच जागेवर येईल अशा पोरासाठी कुणी आपली कारकीर्द पणाला का लावेल? हरण्याचा निर्णय कचेरीत होतो, आणि तो बहुतेकदा जुलैमध्ये किंवा खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते त्या मार्चच्या आठवड्यात होतो. कुणाला विकायचं, कुणाला जखमी यादीत निवांत पडू द्यायचं, गोलमध्ये कुणाला उभं करायचं. म्हणून प्रशिक्षकाला किंवा खेळाडूंना दंड करून काही साधणार नाही, आणि मालकाला पकडणंही अवघड, कारण तरुण खेळाडूंवर संघ नव्याने उभारायचा असं तो म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते खरंही असतं. हेतू सिद्ध करत बसण्यात अर्थ नाही. नियम असा हवा की हेतू काहीही असो, हरण्यात फायदा उरू नये.

मग ड्राफ्टच नको, असं म्हणणारे आहेत. अमेरिकेतल्या महिला फुटबॉल लीगने, एनडब्ल्यूएसएलने, २०२४ मध्ये ड्राफ्ट रद्दच केला. आपल्याकडे आयपीएलमध्ये तळाच्या संघाला काहीच जास्तीचं मिळत नाही, लिलावात पैशांची मर्यादा सगळ्यांना सारखी. मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ मध्ये शेवटचे आले, दोन्ही वेळी कुणी त्यांना काही दिलं नाही आणि दोन्ही वेळी पुढच्या वर्षी ते थेट क्वालिफायर टूपर्यंत गेले. हे उदाहरण मोहात पाडणारं आहे, पण हॉकीला ते जसंच्या तसं बसत नाही. आयपीएलमध्ये तयार खेळाडू ठरावीक वर्षांनी पुन्हा बाजारात येतो. हॉकीत १८ वर्षांचा मुलगा एकदा एका क्लबकडे गेला की त्याचे हक्क वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मुलांना मोकळं सोडलं तर विनिपेगच्या उणे तीसच्या थंडीत जाण्यापेक्षा न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस कुणाला नको असेल? १९९१ मध्ये एरिक लिंड्रोसने तर ड्राफ्ट असूनही क्वेबेककडून खेळायला साफ नकार दिला होता. लहान शहरांसाठी ड्राफ्ट राहायला हवा असं माझं मत आहे, त्या मुलांच्या मर्जीचा त्यात बळी जातो हे मान्य करूनही.

मला पटलेला मार्ग ॲडम गोल्ड या संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने सुचवला आणि महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने, पीडब्ल्यूएचएलने, २०२४ च्या पहिल्याच हंगामापासून तो लागू केला. कल्पना अगदी सोपी आहे. संघ प्लेऑफच्या शर्यतीतून गणिताने बाद झाला की तिथून पुढे त्याचे गुण वेगळे मोजायचे. बाद झाल्यावर ज्याने सर्वाधिक गुण मिळवले त्याला ड्राफ्टचा पहिला क्रमांक. जो जास्त दुबळा, तो लवकर बाद होतो, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त सामने येतात. त्याची सवलत ती. पण ती वसूल करायला त्याला जिंकावं लागतं.

यात गोलरक्षक विकण्याचं गणित उलटं होतं. फेब्रुवारीत बफेलो बाद झालंय असं समजा. तेव्हा एनरॉथ आणि नॉयवर्ट हे दोघे म्हणजे मॅकडेव्हिडपर्यंत जायची शिडी ठरले असते, त्यांना विकणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. २६ मार्चच्या त्या सामन्यात बफेलोच्या प्रेक्षकांना बफेलोच्या गोलची वाट बघावी लागली असती. तळाच्या दोन संघांचा सामना एरवी कुणी फुकट बघणार नाही. या पद्धतीत तोच हंगामातला अटीतटीचा सामना होऊ शकतो.

पीडब्ल्यूएचएलमध्ये पहिल्या वर्षी न्यूयॉर्कचा संघ शेवटचा आला आणि पहिला क्रमांकही त्यांनीच कमावला, त्यावर सारा फिलियरला घेतलं. यावरून टीका झाली की शेवटच्यालाच मिळणार असेल तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मला उलट ते या पद्धतीच्या बाजूचं वाटतं. दुबळ्याची मदत तिने काढून घेतली नाही, फक्त मिळवण्याची रीत बदलली. अर्थात तेव्हा त्या लीगमध्ये सहाच संघ होते आणि दोनच बाद होत, तिथला अनुभव ३२ संघांना जसाच्या तसा लावणं घाईचं ठरेल.

आक्षेप आहेतच. सर्वांत वजनदार आक्षेप असा की जो संघ खरोखर काहीच जिंकू शकत नाही, त्याला जास्तीचे वीस सामने देऊन उपयोग काय? १९९३ चं ऑटवा मनापासून खेळलं असतं तरी बाकीच्यांच्या मागेच राहिलं असतं. हे खरं आहे. म्हणून तळाच्या संघाला तिसऱ्याखाली जाऊ न देण्याचा आजचा नियम तसाच ठेवावा आणि नवी पद्धत फक्त पहिल्या दोन क्रमांकांसाठी वापरावी. ज्यांना खरंच उठता येत नाही त्यांना तिसरा क्रमांक नक्की. पहिला हवा तर मार्चमध्ये खेळून दाखवा.

दुसरा आक्षेप, की मग संघ लवकर बाद होण्यासाठी ऑक्टोबरपासूनच हरतील. ८२ सामन्यांच्या हंगामात लवकर बाद व्हायचं तर डिसेंबरपर्यंत संघाचा पार चुथडा करावा लागेल, आणि मग त्याच चुथडा झालेल्या संघाकडून मार्चमध्ये गुण कुठून आणणार? हा डाव खेळायला फार हुशार मालक लागेल, आणि तळाला राहणाऱ्या क्लबांचा इतिहास पाहता तेवढी हुशारी तिथे क्वचितच आढळते. कठीण गटातला संघ आधी बाद होतो आणि सोप्या गटातला नंतर, हा तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्याने काही अन्याय होईल. १४ चेंडूंच्या यंत्राने होतो त्यापेक्षा तो कमीच असेल.

एनएचएलच्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा होतोय. म्हणजे आशा संपलेल्या संघांचेही दोन सामने वाढले, आणि तिकिटं त्यांचीही विकली जाणार. निदान तेवढ्यात तरी घरच्या संघाने गोल मारला की टाळी वाजवायला प्रेक्षकाला कारण मिळावं.